स्टेशनबाहेरच्या गावाचा नकाशा कुणी काढायचा?

उपनगरांतील रेल्वे स्थानकांभोवतीच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. प्रत्येक इमारतीचा नकाशा स्वतंत्रपणे मंजूर होतो. इमारतींमधल्या रस्त्याचा, पदपथाचा आणि बाजाराचा नकाशा मात्र कुणाच्याच टेबलावर नसतो. डोंबिवली पूर्वेच्या निमित्ताने या प्रश्नाचा घेतलेला वेध...

उपनगरात राहणारा माणूस संध्याकाळी पायात चपला सरकवून ‘जरा स्टेशनला जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याला गाडी पकडायची असतेच असे नाही. चष्म्याची काडी बसवायची असते, बँकेत पासबुक भरायचे असते, दातांच्या डॉक्टरांकडे जायचे असते, किंवा परतताना मेथीची जुडी आणायची असते. ‘स्टेशन’ या शब्दाचा उपनगरी मराठीतला अर्थ बाजारपेठ असा आहे. अमेरिकेतील छोट्या शहरांत अशा भागाला ‘डाऊनटाऊन’ म्हणतात आणि तेथील अनेक नगरपालिका त्याचा वेगळा आराखडा करतात. आपल्याकडे या भागाला सरकारी कागदपत्रांत नावच नाही. विकास आराखड्याच्या नकाशावर तो रहिवासी विभाग, वाणिज्य विभाग आणि रेल्वेची हद्द अशा रंगांच्या तुकड्यांत विखुरलेला असतो. जो भाग एक म्हणून मोजलाच जात नाही, त्याचे नियोजन एक म्हणून होणार तरी कसे?

डोंबिवली पूर्व हे याचे चपखल उदाहरण आहे. स्थानकातून बाहेर पडले की डॉ. राथ रस्ता, उर्सेकरवाडी, नेहरू रस्ता, चिमणी गल्ली, फडके रस्ता अशी दहा-पंधरा मिनिटांत पायी पालथी घालता येईल एवढी ही पेठ. पण कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या २०११ च्या जनगणनेतील सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येपैकी फार मोठ्या भागाचे रोजचे जगणे या चिमुकल्या पेठेशी बांधलेले आहे. दिवाळीच्या पहाटे अवघ्या शहरातली तरुणाई नवे कपडे घालून गणेश मंदिराकडे जाणाऱ्या फडके रस्त्यावर जमते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रांची प्रथा नव्वदच्या दशकाअखेरीस याच परिसरातून सुरू झाली आणि राज्यभर पसरली. शहराला चौक, मैदान, सभागृह आणि बाजार यांपैकी जे जे लागते, ते सारे या काही रस्त्यांनी आपल्या अंगावर घेतले आहे. वास्तविक हे रस्ते त्यासाठी आखलेलेच नव्हते.

आत्ताच का?

या पेठेतील बहुतेक इमारती साठ ते ऐंशीच्या दशकातल्या आहेत. तळमजल्यावर गाळे, वर तीन किंवा चार मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्र्याची शेड आणि दर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती. काही इमारती सहकारी संस्थांच्या, काही पागडीच्या, तर काहींमध्ये मूळ जमीनमालक, विकासक आणि रहिवासी यांच्यात जमिनीच्या हस्तांतरणाचा वाद अनेक वर्षे चाललेला. या इमारतींचे आयुष्य आता संपत आले आहे आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. डोंबिवलीला लागूनच असलेल्या ठाकुर्लीत जुलै २०१५ मध्ये एक जुनी इमारत कोसळून नऊ जणांचा बळी गेला. त्यामुळे पुनर्विकास हवा की नको, हा वाद निरर्थक आहे. तो हवाच.

गेल्या काही वर्षांत त्याची वाटही मोकळी झाली आहे. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाबाबत कलम ७९ अ अन्वये शासनाने २००९ मध्ये निर्देश काढले. २०१९ च्या सुधारित निर्देशांत संमतीची अट एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांपर्यंत खाली आली. पाठोपाठ डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून जवळजवळ सर्व राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि चटईक्षेत्राचे गणित विकासकांना परवडू लागले. परिणामी या पेठेतील कितीतरी इमारती साधारण एकाच काळात पाडल्या आणि बांधल्या जाणार आहेत. चार मजल्यांच्या जागी पंधरा-वीस मजले उभे राहतील. एकदा उभी राहिलेली नवी इमारत पन्नास-साठ वर्षे हलत नाही. म्हणजेच रस्त्याची जी रेषा, दुकानांची जी रांग आणि वाहनांची जी दारे या दशकात ठरतील, तीच आपल्या नातवंडांच्या वाट्याला येणार आहेत.

नियम भूखंडाचा हिशेब करतो, रस्त्याचा नाही

आपली सगळी विकास नियमावली भूखंड हे एकक धरून लिहिलेली आहे. भूखंडाचे क्षेत्रफळ किती, समोरचा रस्ता किती रुंद, त्यावर मूळ चटईक्षेत्र किती, अधिमूल्य भरून किती आणि टीडीआर विकत घेऊन किती, सदनिकांच्या प्रमाणात वाहनतळ किती, चारही बाजूंना सामासिक अंतर किती, हे सारे त्या एका भूखंडाच्या कुंपणाआत सोडवायचे असते. यातले एकेक कलम वाचले तर त्यात फारसे चुकीचे काही सापडणार नाही. गफलत होते ती बेरजेत.

एक साधे गणित मांडून पाहू. समजा, रस्त्याच्या एका बाजूला प्रत्येकी २० मीटर दर्शनी रुंदीचे चार भूखंड आहेत. प्रत्येक नव्या इमारतीने दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर अंतर सोडले. एकूण ८० मीटरपैकी २४ मीटर गेले. शेजारच्या दोन इमारतींमध्ये सहा मीटरची फट उरली आणि तिच्या मधोमध कुंपणाची भिंत आली. अशा तीन फटी. त्यांपैकी एक जरी भिंतीविना सोडली असती, तर मागच्या रस्त्यापर्यंत पादचाऱ्यांना एक गल्ली मिळाली असती आणि स्थानकाकडे जाणारा निम्मा लोंढा मुख्य रस्त्यावरून हटला असता. पण ही फट कुणाचीच नसते. तिच्यात पाण्याचा पंप, जुने कमोड आणि सोसायटीच्या माजी अध्यक्षांची बंद पडलेली स्कूटर एवढेच सुखाने नांदते.

आता वाहनतळाकडे वळू. सदनिका वाढल्या की गाड्यांच्या जागा वाढवाव्या लागतात. छोट्या भूखंडावर त्या तळमजल्यावर खांबांच्या मधे, किंवा यांत्रिक वाहनतळाच्या मनोऱ्यात बसवल्या जातात. पूर्वी जिथे सलग सहा-आठ गाळे होते, तिथे गाड्यांचे प्रवेशद्वार, मीटरची खोली, सुरक्षारक्षकाची चौकी आणि जनरेटर येतो. पेठेच्या मुखावर दुकानांऐवजी लोखंडी फाटके दिसू लागतात. स्थानकापासून तीन मिनिटांच्या अंतरावर घर घेणाऱ्या माणसाला मोटारीची गरज सर्वांत कमी असते. तरीही त्याच्या घराच्या किमतीत मोटारीची जागा घातली जाते आणि त्या मोटारीला रोज पेठेतूनच ये-जा करावी लागते. हा उरफाटा न्याय आहे.

दातेरी रस्ता

रस्ता रुंद करण्याची कायदेशीर तरतूद आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार आयुक्त रस्त्याची नियमित रेषा आखू शकतात. इमारत नव्याने बांधताना त्या रेषेच्या मागे सरकावे लागते आणि सोडलेल्या जागेचा मोबदला मिळतो. कागदावर ही योजना निर्दोष आहे. प्रत्यक्षात पहिली इमारत आज मागे सरकते, तिच्या शेजारची बारा वर्षांनी आणि त्यापुढची न्यायालयीन वाद मिटल्यावर. दरम्यान रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी होते. दोन जुन्या इमारतींच्या मधे मागे सरकलेल्या नव्या इमारतीसमोर जो खिसा तयार होतो, तो चालण्याच्या काही उपयोगाचा नसतो, कारण तो दोन्ही टोकांना बंद असतो. आठवडाभरात तिथे दुचाकी लागतात, महिनाभरात वडापावची गाडी आणि वर्षभरात मंडळाचा फलक. मग जागा सोडणाऱ्या सोसायटीलाच आपण फसलो असे वाटू लागते.

यात चटईक्षेत्राची गुंतागुंत भर घालते. नव्या नियमावलीत वाढीव चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर त्याला कात्री लागते. म्हणून सहा मीटरचे रस्ते दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घेऊन नऊ मीटर करण्याची कल्पना पुढे आली. पुणे महापालिकेने २०२० मध्ये असे ३२३ रस्ते निवडले, तेव्हा मोठा राजकीय वाद झडला. या कल्पनेत तथ्य आहे. मात्र रस्ता रुंद होण्याचे कारण तिथून चालणारी माणसे नसून त्यावर उभ्या राहणाऱ्या इमारतींचे मजले हे आहे, हे विसरून चालणार नाही. दीड मीटर रुंदी मिळवायची आणि त्या बदल्यात चौपट कुटुंबे त्याच रस्त्यावर आणून सोडायची, हा व्यवहार शहराच्या फायद्याचा ठरेलच असे नाही.

आणि नऊ मीटरमध्ये होते तरी काय? दोन्ही कडांना आडव्या लावलेल्या दुचाकी प्रत्येकी दोन मीटर खातात. उरले पाच. रिक्षांची रांग सव्वा ते दीड मीटर. उरले साडेतीन. त्यातून दोन्ही दिशांची वाहने आणि नुकत्याच आलेल्या लोकलमधून उतरलेले शेकडो प्रवासी. आता हाच रस्ता दुसऱ्या रीतीने वाटून पाहा. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोन्ही बाजूंना मिळून ३.६ मीटर दिले, तरी ५.४ मीटर शिल्लक राहतात. एकदिशा वाहतूक ठेवली तर साडेतीन मीटरची धावपट्टी आणि सुमारे दोन मीटरची रिक्षा व मालाच्या टेम्पोसाठी थांबण्याची पट्टी त्यात बसते. म्हणजे रस्ता पुरत नाही असे नाही. दुचाकी लावायला दुसरी जागा नाही, ही खरी अडचण आहे. आणि ती जागा कोणत्याही एका भूखंडावर मिळणार नाही. ती चार-सहा भूखंड मिळून काढावी लागेल.

शंभर वर्षांपूर्वीचे शहाणपण

चार-सहा भूखंड मिळून विचार करण्याची पद्धत आपल्याला परकी मुळीच नाही. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या विषयातला देशातील पहिला कायदा. त्यातील नगररचना योजनेचे तत्त्व असे, की एका भागातील सर्व जमिनी कल्पनेत एकत्र करायच्या, त्यातून आधी रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येक मालकाला नीट आकाराच्या, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडाच्या रूपाने परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, किंमत वाढते आणि त्या वाढीतला वाटा योजनेच्या खर्चासाठी घेतला जातो. विलेपार्ले, सांताक्रूझ, खार येथील जुन्या सोसायट्यांच्या कागदपत्रांवर आजही ‘टी.पी.एस.’ आणि ‘फायनल प्लॉट’ क्रमांक दिसतात, ते याच योजनांमुळे. पार्ल्याच्या सरळ, झाडांच्या रस्त्यांचे कौतुक करताना ‘तेव्हाची माणसेच तशी होती’ असे आपण म्हणतो. माणसांइतकेच श्रेय त्या आखणीला द्यायला हवे. डोंबिवलीसारख्या ठिकाणी मात्र शेतजमिनी तुकड्या-तुकड्यांनी बिनशेती झाल्या आणि शेताचे बांध तेच पुढे गल्ल्या झाले.

पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ही तरतूद कायम राहिली. पण राज्यात तिचा वापर जवळजवळ थांबला. अलीकडे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे ती पुन्हा हाती घेण्यात आली. ती सारी मुख्यत्वे मोकळ्या जमिनीवरची. त्यामुळे दाट वस्तीत हे जमत नाही, असा समज रूढ झाला आहे.

त्या समजाला छेद देणारे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुज शहराचा तटबंदीच्या आतला भाग उद्ध्वस्त झाला. चिंचोळ्या गल्ल्या ढिगाऱ्यांनी बंद झाल्याने मदतही पोहोचेना. त्यानंतर या जुन्या गावात आठ नगररचना योजना करण्यात आल्या. प्रत्येक मालकाकडून रस्त्यांसाठी जमीन घेण्यात आली. पण सर्वांकडून सारख्या प्रमाणात नाही. अगदी लहान भूखंडांना सूट, मध्यम भूखंडांकडून थोडी आणि मोठ्यांकडून अधिक, अशी चढती श्रेणी ठेवली गेली. ज्याच्याकडे आधीच दहा बाय दहाची जागा आहे, त्याच्याकडून दीड मीटर मागणे म्हणजे त्याला उठवणेच होय, एवढे साधे तारतम्य त्यामागे होते. अर्थात भुजमध्ये इमारती आधीच पडलेल्या होत्या. डोंबिवलीत त्यांत माणसे राहत आहेत. तिथे जे दोन-तीन वर्षांत झाले, त्याला इथे पंधरा-वीस वर्षे लागतील. पण नकाशा आधी आणि बांधकाम टप्प्याटप्प्याने, हा क्रम इथेही ठेवता येतो. १९६६ च्या अधिनियमाचे कलम ३३ सर्वंकष विकास क्षेत्रासाठी असा तपशीलवार आराखडा करण्याची मुभा देते. नवा कायदा करण्याची त्यासाठी गरज नाही.

समूह विकास योजना म्हणजे हेच नव्हे काय, असा प्रश्न कुणी विचारील. ठाण्यात किसननगर भागात जून २०२३ मध्ये या योजनेचा प्रारंभ झाला. एकत्रित विचाराची दिशा तिथे योग्य आहे. मात्र धोकादायक व अनधिकृत इमारतींतील रहिवाशांना सुरक्षित घर देणे हा तिचा गाभा आहे. बाजारपेठेत घरांइतकीच दुकाने महत्त्वाची असतात. आणि सगळी पेठ एका विकासकाच्या हाती देऊन तिचा मॉल झाला, तर पेठ राहिली असे म्हणता येणार नाही.

गाळा, पागडी आणि दर्शनी बाजू

पुनर्विकासाच्या चर्चेत रहिवाशाचे वाढीव क्षेत्रफळ, भाडे आणि कॉर्पस निधी यांवर रात्र-रात्र खल होतो. गाळेधारकाचा प्रश्न शेवटच्या पानावर येतो. भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळण्याचे संरक्षण कायद्यात आहे; पण ते जागेचे आहे, दर्शनी बाजूचे नाही. आठ फूट रुंदीच्या रस्त्यावरच्या गाळ्यात सुईदोऱ्यापासून लोकरीपर्यंत विकणाऱ्या दुकानदाराला तेवढेच चौरस फूट पहिल्या मजल्यावर, किंवा आतल्या बोळकंडीत दिले, तर कायद्याची पूर्तता होईल. त्याचे दुकान मात्र बंद पडेल. शिवाय बांधकाम चालू असतानाची तीन-चार वर्षे त्याने कुठे बसायचे? रहिवासी भाड्याने दुसरीकडे राहू शकतो. गिऱ्हाईक मात्र भाड्याने मिळत नाही.

अशा छोट्या दुकानांवरच पेठेचे पेठपण उभे असते. किल्ली बनवणारा, घड्याळ दुरुस्त करणारा, पिको-फॉल करून देणारी बाई, पूजेच्या साहित्याचे दुकान, यांना नव्या इमारतीतले बाजारभाव परवडणारे नसतात. त्यांच्या जागी मोबाइलची शोरूम आणि औषधांच्या साखळीदुकानाची शाखा येते. म्हणून तपशीलवार आराखड्यात किती मीटर दर्शनी रुंदी छोट्या गाळ्यांसाठी राखायची, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. शेजारच्या इमारतीचे काम चालू असताना गाळेधारकांना बसता येईल, असा एक तात्पुरता बाजार त्याच परिसरात उभारता येईल. महापालिकेच्या ताब्यातील एखादा भूखंड त्यासाठी काही वर्षे वापरला, तर आकाश कोसळणार नाही.

फेरीवाल्यांचे काय?

या प्रश्नावर सुशिक्षित मध्यमवर्गाची भूमिका मोठी गमतीची असते. ‘फेरीवाल्यांना हटवा’ या निवेदनावर सही करून परतताना आपण त्याच फेरीवाल्याकडून कोथिंबीर घेतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला मान्यता दिली. त्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि विक्रीचा आराखडा करावा, असे म्हटले आहे. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये, असा निर्णय दिला. गर्दीची ठिकाणे मोकळी राहावीत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण १५१ व्या मीटरवर काय व्हावे, हे ठरवण्याचे काम नगरनियोजनाचे आहे आणि ते कुणी केलेले नाही. त्यामुळे सकाळी कारवाई, संध्याकाळी पुन्हा पथाऱ्या, आणि त्यामधल्या काळात हप्त्यांच्या चर्चा, हे चक्र वर्षानुवर्षे फिरते आहे.

चार-सहा भूखंडांचा एकत्र आराखडा झाला, तर याचेही उत्तर निघू शकते. वर उल्लेखलेल्या इमारतींमधल्या फटी एकमेकींना जोडल्या, तर सहा मीटरची अंतर्गत गल्ली तयार होते. तिच्या एका बाजूला दीड मीटर खोलीचे ओटे, वर पत्रा, पाण्याचा नळ आणि साडेचार मीटरची चालण्याची वाट, एवढे सहज बसते. भाजी घेणाऱ्याला स्थानकाच्या वाटेवरून फार वाकडे जावे लागत नाही. मंडई दूर बांधली की ती ओस पडते, याचा अनुभव जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेने घेतलेला आहे.

पुलांनी सुटत नाही

स्थानक परिसराचा विषय निघाला की आपल्याकडे पूल बांधले जातात. एमएमआरडीएने २००८ पासून उपनगरांत ‘स्कायवॉक’ बांधले. वांद्रे पूर्वेचा त्यातला पहिला. काही उपयोगी ठरले. काहींवर फेरीवाले आणि गर्दुल्ले यांनी बस्तान मांडले. डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. ठाण्याच्या पश्चिमेला २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘सॅटिस’ प्रकल्पात बसगाड्या उन्नत मार्गावर गेल्या आणि रिक्षा खाली राहिल्या. त्याने बसचा प्रश्न बऱ्याच अंशी सोपा झाला, हे मान्य करायला हवे. परंतु स्थानकातून बाहेर पडणाऱ्या ठाणेकराला शेवटी गोखले रोडला किंवा जांभळी नाक्याला जायचे असते आणि तिथली वाट सॅटिसने रुंद केलेली नाही.

भूखंडांचा विकास आणि स्थानकाची क्षमता यांची फारकत झाली की काय घडते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. परळ-प्रभादेवीच्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या नियमावलीतील कलम ५८ आणि २००१ मधील त्याच्या दुरुस्तीनंतर एकेक करून कार्यालयांच्या मनोऱ्यांनी भरून गेल्या. प्रत्येक भूखंडाला परवानगी रीतसर मिळाली. त्या कार्यालयांत येणारे हजारो कर्मचारी मात्र एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्याच जुन्या, अरुंद जिन्यावरून उतरत राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, जिन्यावर गर्दी थबकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराला पाचारण करून काही महिन्यांत नवा पूल बांधण्यात आला. जिन्यावर गर्दी वाढणार हे आधीच्या पंधरा वर्षांत ज्या कागदांवर दिसायला हवे होते, ते कागद महापालिकेत होते. जिना रेल्वेचा होता.

ही हद्दीची भिंत प्रत्येक उपनगरात आहे. पादचारी पुलाचा जिना कुठे उतरणार हे रेल्वे ठरवते, तो जिथे उतरतो तिथला रस्ता महापालिकेचा, त्यावरचा रिक्षाथांबा परिवहन खात्याच्या अखत्यारीत आणि नियमन वाहतूक पोलिसांचे. स्थानक परिसराच्या आराखड्यावर या चौघांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. अन्यथा तो आराखडा म्हणजे भिंतीवर लावायचे चित्र.

पैसा कुठून येईल?

खर्च हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही, कारण पेठेतील जमीन हीच राज्यातील महागड्या जमिनींपैकी एक आहे. पुनर्विकासातून महापालिकेला अधिमूल्य, विकास शुल्क आणि पुढे मालमत्ता कर मिळतो. तो सर्वसाधारण निधीत जमा होतो आणि ज्या रस्त्यावरून तो आला, तिथे परत येत नाही. याबाबत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारभागाचा अनुभव बोधप्रद आहे. तिथे १९९३ मध्ये रस्त्यावरील पार्किंगला मीटर लावायचे ठरले, तेव्हा आपले गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदारांनी विरोध केला. मीटरचे उत्पन्न त्याच रस्त्यांच्या पदपथांवर, झाडांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च करण्याचे वचन मिळाल्यावर त्यांनी संमती दिली आणि मोडकळीस आलेली ती पेठ पुन्हा उभी राहिली. प्रा. डोनाल्ड शूप यांनी पार्किंगवरील आपल्या २००५ च्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. आपली डोंबिवली म्हणजे पॅसाडेना नव्हे, हे उघड आहे. पण ‘इथला पैसा इथेच’ हे तत्त्व समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या गणेशोत्सव मंडळांचे वर्गणीचे हिशेब त्याच तत्त्वावर चालतात.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या काही भागाची फेररचना करताना गाड्यांची जागा नीट आखून पदपथ रुंद करण्यात आला, बाके आणि झाडे आली. त्या रस्त्यावर आज आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात. तो रस्ता आमच्या गल्ल्यांपेक्षा कितीतरी रुंद आहे, ही हरकत रास्त आहे. तरीही रस्त्याची जागा वाहनांकडून चालणाऱ्यांना परत देता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

सभासदांनी काय पाहावे?

महापालिका आराखडा करील तेव्हा करील. ज्यांची सोसायटी येत्या वर्षा-दोन वर्षांत पुनर्विकासाला जाणार आहे, त्यांना मात्र थांबता येणार नाही. सर्वसाधारण सभेत वाढीव चौरस फुटांच्या जोडीने काही प्रश्न तिथेच विचारता येतील. समोरच्या रस्त्याची मंजूर रेषा कुठे आहे आणि शेजारच्या दोन इमारती त्या रेषेवर आहेत की पुढे? त्या दोन सोसायट्याही पुनर्विकासाच्या विचारात असतील, तर भूखंड एकत्र करून एकच प्रवेशद्वार आणि एकच वाहनतळ ठेवण्याचा पर्याय वास्तुविशारदाने तपासला आहे काय? तसे केल्यास रस्त्याकडे किती मीटर दुकाने मिळतात? इमारतींच्या मधली भिंत काढून मागच्या रस्त्यापर्यंत वाट ठेवली, तर त्या वाटेची देखभाल आणि रात्रीची सुरक्षा कुणाकडे राहील? सोडलेल्या जागेवर पदपथ बांधून देण्याची जबाबदारी विकासकाच्या करारात आहे का, आणि ती भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी पूर्ण होईल का?

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्या नगररचना विभागात मिळते. तिथे रस्तारेषेच्या नकाशाची प्रत देण्यास टाळाटाळ झालीच, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून ती मागता येते.